माहीत असतं, पण होत नाही

वीजबिल भरायचं आहे हे माहीत असतं. खात्यात पैसे असतात, मोबाइल हातात असतो, दोन मिनिटांचं काम आहे हेही माहीत असतं. तरी तारीख उलटते, आणि वीज तोडण्याचा मेसेज आल्यावर दंडासकट बिल भरलं जातं. याच माणसावर ऑफिसात ऐन वेळी एखादं मोठं काम येऊन पडू दे, रात्रभर बसून तो ते इतरांपेक्षा सरस करून देतो. मग घरचे म्हणतात, ‘मनात आणलंस तर सगळं जमतं तुला.’ हे वाक्य त्याने शाळेपासून ऐकलेलं असतं. प्रगतिपुस्तकात ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’, कॉलेजात ‘आरंभशूर’, लग्नानंतर ‘बेजबाबदार’. तिशी-चाळिशीपर्यंत त्याचाही यावर विश्वास बसलेला असतो.

हा लेख अशा वाचकांसाठी आहे. त्यांना मला सर्वांत आधी हे सांगायचं आहे की मनात आणणं कमी पडतंय, हा निष्कर्ष चुकीचा असू शकतो. तुम्ही कदाचित इतरांपेक्षा जास्तच मनात आणत असाल आणि तरीही काम हातून होत नसेल. त्यामागे एडीएचडी, म्हणजे लक्षावरचा ताबा कमी असण्याचा विकार, असण्याची शक्यता आहे. ती तपासून घेता येते, आणि तपासणी होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायची गरज नाही.

मल्याळम अभिनेते फहाद फासिल यांनी २०२४ मध्ये केरळमधल्या एका कार्यक्रमात सांगितलं की आपल्याला एडीएचडी असल्याचं वयाच्या ४१व्या वर्षी कळलं. तोवर त्यांच्या नावावर कितीतरी गाजलेले चित्रपट होते. यशस्वी माणसाला हा त्रास नसतोच असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

एडीएचडी म्हटलं की वर्गात बाकावर न बसणारा मुलगा डोळ्यांसमोर येतो. मोठेपणी चित्र वेगळं दिसतं. शरीराची पळापळ कमी होते, पण डोक्यातली थांबत नाही. मीटिंगमध्ये खुर्चीवर बसलेला माणूस आतून कुठल्या कुठे गेलेला असतो. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर तोंडातून निघून जातं. लक्ष कमी असतं असं नाही. ते कुठे लावायचं आणि कधी काढायचं, यावरचा ताबा कमी असतो. म्हणूनच आवडीच्या कामात जेवणाची शुद्ध राहत नाही आणि कंटाळवाणा अर्ज तीन महिने टेबलावर पडून राहतो. काम नवं असेल, आवडीचं असेल किंवा डोक्यावर आलेलं असेल तर मेंदू सुरू होतो. केवळ ते महत्त्वाचं आहे म्हणून तो सुरू होत नाही, आणि घरच्यांना नेमकं हेच समजावून सांगणं सर्वांत अवघड जातं.

वेळेचंही तसंच. बऱ्याच जणांना वेळ दोनच प्रकारची जाणवते: आत्ताची, आणि आत्ताची नसलेली. पुढच्या महिन्यातली तारीख दुसऱ्या प्रकारात मोडते, आणि ती थेट आदल्या रात्री पहिल्या प्रकारात येऊन धडकते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांनी अनेक वर्षं हे मांडलं आहे की एडीएचडी ही ज्ञानाची उणीव नाही. काय करायचं ते माणसाला ठाऊक असतं, ते योग्य क्षणी हातून घडत नाही. या एका मुद्द्यावर या लेखातला सगळा सल्ला उभा आहे. उणीव ज्ञानाची नसेल तर उपदेशाने ती भरून निघणार नाही. मदत लागते ती काम जिथे आणि जेव्हा करायचं असतं, तिथे आणि तेव्हा.

आज तिशी ते पन्नाशीत असलेली पिढी निदानातून का निसटली, हेही समजून घ्यायला हवं. मुलांमधली अशी लक्षणं लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ सालीच व्याख्यानांतून मांडली होती, पण मोठं झाल्यावर हे आपोआप जातं असाच समज पुढे कित्येक दशकं होता. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसंहितेच्या आधीच्या आवृत्तीत लक्षणं सातव्या वर्षाआधी दिसायला हवीत अशी अट होती. २०१३च्या पाचव्या आवृत्तीने ती मर्यादा बारा वर्षांवर नेली, आणि १७ वर्षं व त्यापुढच्या व्यक्तींसाठी नऊपैकी सहाऐवजी पाच लक्षणं पुरेशी धरली. आपल्याकडे तर साठ-सत्तर मुलांच्या वर्गात दंगा करणारा तेवढा बाईंच्या नजरेत यायचा. खिडकीबाहेर बघत बसलेली शांत मुलगी कुणाच्या नजरेत येणार? ‘तारे जमीं पर’ २००७ साली आला आणि डिस्लेक्सिया घराघरात माहीत झाला. मोठ्यांमधल्या एडीएचडीच्या वाट्याला तसं काही आलं नाही.

शिवाय हुशार मुलांचं लहानपणी निभावून जातं. आई डबा, दप्तर, अभ्यास, सगळं पाठीशी उभं राहून करून घेते. घर सुटलं, हॉस्टेल आलं, नोकरी लागली, की तो आधार निघतो. बायकांच्या बाबतीत हे पहिल्या किंवा दुसऱ्या बाळंतपणानंतर होताना दिसतं. स्वतःपुरतं कसंबसं जमवलेलं असतं, आणि आता लसीकरणाच्या तारखा, शाळेच्या फिया, सासूबाईंची औषधं, पाहुण्यांची ऊठबस हे सगळं एकाच डोक्यात ठेवायचं असतं. तिला नैराश्याच्या किंवा चिंतेच्या गोळ्या सुरू होतात, त्यांनी थोडं बरंही वाटतं, पण पसारा आवरत नाही. पुष्कळ जणींना पत्ता लागतो तो मुलाची तपासणी करायला गेल्यावर. डॉक्टर मुलाबद्दल एकेक प्रश्न विचारत जातात आणि उत्तरं आईला स्वतःची वाटत जातात. यात नवल नाही. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के असल्याचं दिसलं आहे. ती उंचीसारखी घराण्यातून येते.

शंका कधी घ्यावी

विसरणं, टाळणं, कंटाळणं सगळ्यांच्याच वाट्याला येतं. मोबाइलवर एखादी रील बघून ‘हे तर माझंच वर्णन’ असं वाटणं हे निदान नव्हे. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित अंदाज प्रौढांमध्ये अडीच टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे हे दुर्मीळ नाही, आणि प्रत्येक विसरभोळ्याला असतं असंही नाही.

स्वतःला आधी विचारा: हे लहानपणापासून आहे का? एडीएचडी चाळिशीत नव्याने उगवत नाही. पाचवी-सहावीतही वह्या हरवत होत्या, छत्र्या विसरत होत्या, पेपरात सोप्या बेरजा घाईने चुकत होत्या, असं काही तरी मागे सापडायला हवं. मग विचारा की हे एकाच ठिकाणी होतं की सगळीकडे. फक्त ऑफिसात होत असेल आणि घरी सगळं सुरळीत असेल, तर दोष त्या कामात किंवा साहेबात असू शकतो. आणि याची किंमत काय मोजावी लागते आहे? नोकऱ्या, पैसा, नाती, अपघात, स्वतःबद्दलचं मत, यांतलं काही तरी खरोखर पणाला लागलेलं असेल तर तपासणी करावी.

लक्ष न लागण्याची इतर कारणंही असतात आणि त्यांतली काही सहज सापडतात. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ या तपासण्या करून घ्या. शाकाहारी घरांमध्ये बी-१२ कमी असणं अगदी सर्रास आढळतं. रात्री जोरात घोरत असाल, सकाळी उठल्यावर डोकं जड असेल, तर झोपेत श्वास अडकण्याचा विकार आहे का ते बघायला हवं. नैराश्यातही लक्ष उडतं, पण ‘गेल्या दिवाळीपर्यंत मी बरा होतो’ असं त्यात सहसा सांगता येतं. दारू, गांजा, सततची चिंता, मूड टोकाचा वर-खाली होणं, याही बाबी डॉक्टरांपुढे मोकळेपणाने मांडा. एडीएचडीसोबत यांतलं काही असणंही अगदी नेहमीचं आहे, त्यामुळे एक सापडलं म्हणून दुसरं नाही असं धरू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने संशोधकांसोबत तयार केलेली १८ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, एएसआरएस नावाची. तिचे पहिले सहा प्रश्न चाळणीसाठी वापरतात. ती इंटरनेटवर मोफत मिळते. तिच्यात गुण जास्त आले तर डॉक्टरांकडे जावं, एवढाच तिचा अर्थ.

डॉक्टरांकडे जाताना

निदान मनोविकारतज्ज्ञाकडून करून घ्या. अनुभवी चिकित्सा मानसशास्त्रज्ञही सविस्तर मूल्यमापन करतात आणि पुढे थेरपीही देतात, पण औषध लिहून देणं डॉक्टरांचं काम आहे. वेळ घेतानाच फोनवर स्पष्ट विचारा, ‘मोठ्या माणसांमधल्या एडीएचडीचं मूल्यमापन इथे करतात का?’ हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. आपल्याकडे अजूनही काही डॉक्टर हा मुलांचाच विषय मानतात, आणि ‘इतकं शिकलात, नोकरी करताय, मग कसलं एडीएचडी’ असं ऐकून परत यावं लागलं की माणूस पुन्हा वर्षानुवर्षं जात नाही. तसं झालं तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.

सरकारी आणि महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग असतो आणि खर्च कमी येतो: मुंबईत केईएम, सायन, नायर, पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल. गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही संस्था मानसिक आरोग्याचं काम मराठीतून करते. तालुक्याच्या गावी राहत असाल तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे चौकशी करा. कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल तर केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ला १४४१६ या क्रमांकावर फोन लावा. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं.

जाताना एक कागद लिहून न्या. डॉक्टरांसमोर बसल्यावर नेमकं तेच आठवत नाही, आणि ज्याला विसरण्याचाच त्रास आहे त्याने आठवणीच्या भरवशावर जाऊ नये. गेल्या सहा महिन्यांतले प्रसंग लिहा, विशेषणं नकोत. ‘मी फार धांदरट आहे’ यातून डॉक्टरांना काही कळत नाही. ‘मार्चपासून दोनदा एटीएममध्ये कार्ड विसरलो, गॅसवर भाजी करपली, अप्रेझलचा फॉर्म मुदतीनंतर भरला’ यातून कळतं. जुनी प्रगतिपुस्तकं माळ्यावर असतील तर शोधा. शिक्षकांचे शेरे हा उत्तम पुरावा असतो. आईला, मोठ्या ताईला विचारा. आई म्हणेल, ‘त्यात काय, तुझे बाबाही असेच होते.’ तेही लिहून घ्या, कारण घराण्यातली माहिती डॉक्टरांना हवीच असते. नवरा, बायको किंवा जवळचा मित्र बरोबर यायला तयार असेल तर न्या. आपल्या काही सवयी आपल्याला दिसत नाहीत, त्यांना दिसतात.

मूल्यमापन म्हणजे मुख्यतः सविस्तर बोलणं आणि प्रश्नावल्या. कधी एका भेटीत होतं, कधी दोन-तीन लागतात. रक्ताच्या तपासणीने किंवा एमआरआयने एडीएचडी ठरत नाही. मेंदूचा नकाशा काढून खात्रीचं निदान देतो असं सांगून मोठी रक्कम मागणाऱ्यांपासून लांब राहा.

गुप्ततेची काळजी वाटणं स्वाभाविक आहे, विशेषतः लहान गावात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याच्या कलम २३ नुसार तुमची माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टरांवर आणि रुग्णालयावर बंधनकारक आहे. त्याच कायद्याचं कलम २१ विमा कंपन्यांना मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांसारखाच विमा द्यायला सांगतं. मात्र बहुतेक पॉलिसींमध्ये ओपीडीचा खर्च मुळातच नसतो, म्हणून आपली पॉलिसी वाचून घ्या. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ याच्या २१ प्रकारांमध्ये एडीएचडीचं स्वतंत्र नाव नाही. त्यामुळे नोकरीत त्या कायद्याखालच्या सवलती थेट मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका. साहेबांना निदान सांगायचं की नाही, हे माणूस बघून ठरवा. निदान न सांगताही ‘मला सूचना ई-मेलवर दिल्या तर काम चांगलं होतं’ असं मागता येतं, आणि हे सहसा कुणी नाकारत नाही.

तोवर रोजचं जगणं

भेटीची तारीख मिळायला आठवडे लागू शकतात. पुढे दिलेल्या युक्त्या करायला निदानाची गरज नाही, आणि निदान ‘नाही’ असं आलं तरी त्या वाया जात नाहीत. सगळ्या एकदम सुरू करू नका. सोमवारपासून नवं आयुष्य, हा बेत या मेंदूला फार आवडतो आणि तो गुरुवारपर्यंत टिकतो. सध्या सर्वांत जास्त नुकसान कुठे होतंय तेवढं एक बघा आणि तिथेच सुरुवात करा.

वस्तूंची आठवण डोक्यात ठेवू नका, जागेवर ठेवा. चाव्यांचा खिळा दाराच्या चौकटीला हवा, कारण चावी तिथे लागते. बेडरूममधल्या सुंदर स्टँडचा उपयोग नाही. उद्या न्यायची फाइल आज रात्रीच चपलांवर ठेवा, म्हणजे ती उचलल्याशिवाय चपला घालताच येणार नाहीत. सकाळची गोळी चहाच्या डब्याशेजारी. कपाटाच्या आत गेलेली वस्तू पुष्कळांसाठी अस्तित्वातच नसते, म्हणून उघडे रॅक, पारदर्शक डबे, भिंतीवरचा फळा यांचा संकोच करू नका. घर मासिकातल्या फोटोसारखं दिसणार नाही, पण चालेल.

वेळ दिसेल अशी करा. आकड्यांच्या घड्याळापेक्षा काट्यांचं घड्याळ बरं, कारण उरलेली वेळ त्यात डोळ्यांना दिसते. एक स्वयंपाकघरात लावा, एक न्हाणीघरात. डोक्यात नेहमी पोचायची वेळ असते, म्हणून उशीर होतो. ९:१२ची लोकल पकडायची असेल तर वहीत ९:१२ लिहू नका, घराचं दार बंद करायची वेळ लिहा. तिच्यासाठी दोन गजर हवेत: पहिला हातातलं काम थांबवण्याचा, दुसरा निघण्याचा. पहिला नसेल तर दुसऱ्याचा उपयोग होत नाही, कारण ‘एवढं एक करून निघतो’ यातच वीस मिनिटं जातात. गॅसवर दूध किंवा कुकर ठेवून खोलीबाहेर जायचं असेल तर टायमर ओट्यावर न ठेवता स्वतःच्या खिशात ठेवा.

काम सुरू होत नसेल तर बहुधा ते अजून फार मोठं आहे. ‘रिटर्न भरणे’ हे काम नव्हे, तो कामांचा गठ्ठा आहे. ‘ऑफिसच्या ई-मेलमधून फॉर्म १६ डाउनलोड करणे’ हे काम. यादीत प्रत्येक ओळ अशी लिहा की हाताला पहिली हालचाल कोणती ते कळेल. मग ती एखाद्या रोजच्या गोष्टीला बांधा: चहाचा कप विसळून ठेवला की लगेच लॅपटॉप उघडून फॉर्म १६ शोधेन. ‘अमुक झालं की तमुक करेन’ अशा ठरावांवर जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९०च्या दशकापासून संशोधन केलं आहे. नुसतं ‘करेन’ म्हणण्यापेक्षा हे जास्त वेळा प्रत्यक्षात उतरतं असं त्यातून दिसलं.

शेजारी कुणी तरी बसलेलं असणं, हा मला सर्वांत कमी वापरला जाणारा उपाय वाटतो. पुण्यातल्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांची मुलं स्वतःच्या खोलीत टेबल-खुर्ची असूनही पैसे भरून अभ्यासिकेत जाऊन बसतात. तिथे कुणी शिकवत नाही, कुणी विचारतही नाही. आजूबाजूला मान खाली घालून बसलेली माणसं असतात, तेवढ्याने पुस्तक उघडं राहतं. हे घरीही करता येतं. बहिणीला फोन करा: ‘अगं, मी दहा वाजता बँकेचे कागद आवरायला बसतेय, तू तासभर व्हिडिओवर राहशील का? तुझी भाजी निवड तू खुशाल.’ तिने मदत करायची नाही, सल्लाही द्यायचा नाही. नुसतं असायचं.

पैशांत शिस्त लावून घेण्यापेक्षा जिथे शिस्त लागतच नाही अशी सोय करा. वीज, फोन, एसआयपी, कर्जाचा हप्ता, क्रेडिट कार्डाची पूर्ण रक्कम, सगळं बँकेतून आपोआप वळतं करा. विम्याच्या वार्षिक हप्त्याला मुदतीनंतर साधारण तीस दिवसांची सवलत असते, ती उलटली की पॉलिसी बंद पडते. तेव्हा हा हप्ता तर आठवणीवर ठेवूच नका. यूपीआयला पगाराचं खातं जोडू नका. खर्चासाठी वेगळं खातं उघडा आणि त्यात आठवड्यापुरतेच पैसे टाका. ऑनलाइन खरेदी आवडली तर कार्टमध्ये टाकून एक रात्र जाऊ द्या. अनावर इच्छा बऱ्याचदा सकाळपर्यंत ओसरते.

गाडी चालवताना फोन डिकीत. एडीएचडी असलेल्यांमध्ये वाहन अपघातांचं प्रमाण जास्त असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे, आणि मोबाइल हँडलवर लावून स्कूटर चालवणं कुणासाठीच सुरक्षित नाही.

रात्र ही या मंडळींची आवडती वेळ असते, कारण तेव्हा कुणी काही मागत नाही. पण अपुरी झोप प्रत्येक लक्षण वाढवते. झोपायची वेळ पाळणं जमत नसेल तर उठायची वेळ पक्की करा, सुट्टीच्या दिवशीही. सकाळचं भरभर चालणं किंवा सूर्यनमस्कार यांनी पुढचे काही तास लक्ष लागायला मदत होते, म्हणून अवघड काम त्यानंतर ठेवा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. यांतली प्रत्येक युक्ती काही आठवड्यांनी निकामी होईल. भिंतीवरचा फळा डोळ्यांना दिसेनासा होईल, गजर झोपेतच बंद केला जाईल, नवी डायरी मधेच कोरी राहील. हे तुमचं अपयश नाही. या मेंदूला नवेपणा लागतो आणि नवेपणा संपतो, इतकंच. फळ्याची जागा बदला, गजराचा आवाज बदला, डायरी सोडून कॅलेंडर धरा, कंटाळा आला की परत डायरी. ‘माझ्याने काहीच टिकत नाही’ या निष्कर्षाला जायची गरज नाही. बदलत राहणं हीच इथली पद्धत आहे.

औषधांबद्दल

निदान पक्कं झालं तर औषधांचा पर्याय पुढे येतो, आणि त्याबद्दल भीती फार आहे. भारतात मुख्यतः मिथाइलफेनिडेट आणि अ‍ॅटोमॉक्सेटिन ही औषधं वापरतात. मिथाइलफेनिडेट १९४४ साली पहिल्यांदा तयार झालं, म्हणजे ते नवं किंवा प्रयोगातलं औषध नव्हे. त्याचा परिणाम योग्य मात्रा सापडल्यावर त्याच दिवशी जाणवतो आणि काही तासांनी उतरतो. अ‍ॅटोमॉक्सेटिनला काही आठवडे द्यावे लागतात. भूक मंदावणं, झोप उडणं, छातीत धडधड, रक्तदाब वाढणं हे त्रास होऊ शकतात. म्हणून सुरू करण्याआधी रक्तदाब आणि हृदयविकाराचा घरातला इतिहास डॉक्टरांना सांगा. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर तेही आधी बोला.

मिथाइलफेनिडेट अमली पदार्थविषयक कायद्याच्या यादीत येतं. त्यामुळे ते चिठ्ठीशिवाय मिळत नाही, सगळ्या केमिस्टांकडे नसतं, आणि गोळ्या संपायच्या आत आठवडाभर चौकशी सुरू करावी लागते. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, देखरेखीखाली घेणं वेगळं आणि परीक्षेच्या आधी मित्राकडून उसनी गोळी घेणं वेगळं. दुसरं धोक्याचं आहे आणि बेकायदेशीरही. बाजारातल्या बुद्धिवर्धक सिरपांनी एडीएचडी जातं याला भक्कम पुरावा नाही. गोळी लक्षाला आधार देते, कपाट आवरत नाही. त्यासाठी मोठ्यांच्या एडीएचडीसाठी बेतलेली वर्तनोपचार पद्धती आहे. तिच्यात नियोजन, टाळाटाळ आणि स्वतःला दोष देण्याची सवय यांवर काम होतं, आणि औषधासोबत तिचा फायदा दिसून आला आहे. थेरपिस्ट निवडताना या पद्धतीबद्दल विचारा.

घरच्यांसाठी

जोडीदार दोन टोकांना जातो. एक तर रोज आठवण करून करून थकतो, किंवा सगळं स्वतःच अंगावर घेतो. दोन्हींत नवरा-बायकोचं नातं आई-मुलासारखं होऊन बसतं आणि दोघांनाही ते नकोसं होतं. आठवण करून देण्याचं काम माणसाकडून काढून फळ्याकडे, गजराकडे, बँकेच्या सूचनेकडे द्या. आठवड्यातून एकदा, रविवारी चहाच्या वेळी वगैरे, कॅलेंडर मधे ठेवून बसा: या आठवड्यात कुठली बिलं, कुणाचं लग्न, कोण कधी मुलांना आणणार. बोलणं वीस मिनिटांत संपवा आणि मागच्या चुका त्यात काढू नका. मागणी नेमकी करा. ‘अहो, घरात जरा लक्ष द्या’ याने काहीच होत नाही. ‘अहो, आज सातच्या आत सिलिंडर बुक करा, आत्ता लगेच केलात तरी चालेल’ याने होतं.

राग चटकन येणं आणि टीका खोलवर लागणं, हेही अनेकांमध्ये दिसतं. वर्षानुवर्षं बोलणी खाल्लेल्या माणसाला साधी सूचनाही आरोपासारखी ऐकू येते. एडीएचडी म्हणजे सगळ्याला माफी, असं मी म्हणत नाही. नुकसान झालं असेल तर त्याने ते भरून द्यावं, माफी मागावी. पण ‘तुला काळजीच नाही’ हे वाक्य घरातून काढून टाका, कारण बहुतेक वेळा ते खरं नसतं. आणि जगण्याला अर्थ नाही, मी सगळ्यांवर ओझं आहे, असं कुणी बोलू लागलं तर मूल्यमापनाच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी १४४१६ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात न्या.

उत्तर मिळाल्यावर

‘हो’ असं उत्तर आलं की आधी हलकं वाटतं आणि मग काही दिवसांनी दुःख होतं: सुटलेल्या नोकऱ्या, अर्धी राहिलेली पदवी, बाबांचे टोमणे, सगळं नव्याने आठवतं. या काळात मोठे निर्णय घेऊ नका आणि जुनी भांडणं उकरून काढायला जाऊ नका. कुणाशी तरी, शक्य असेल तर समुपदेशकाशी, बोलत राहा.

‘नाही’ असं उत्तर आलं तर डॉक्टरांना विचारा की मग हे कशामुळे होतंय आणि आता काय तपासायचं. हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. चिंता, झोप, थायरॉइड, यांतलं जे निघेल त्यावर उपचार आहेत. समाधान झालं नाही तर दुसरं मत घ्या, पण पहिल्या तपासणीचे सगळे कागद बरोबर न्या, म्हणजे सुरुवात पुन्हा पहिल्यापासून करावी लागणार नाही.

घरात शाळकरी मूल असेल आणि त्याच्यातही हे दिसत असेल, तर आपल्या भेटीतच त्याचा विषय काढा. एडीएचडी असलेल्या बऱ्याच मुलांना वाचन, लेखन किंवा गणित यांतली अध्ययन अक्षमताही असते, आणि ती वेगळी तपासावी लागते. अध्ययन अक्षमतेचा समावेश २०१६च्या दिव्यांग कायद्यात आहे आणि तिचं प्रमाणपत्र असलेल्या मुलांना दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. ही तपासणी ठरावीक सरकारी आणि महापालिका रुग्णालयांत होते, तिला वेळ लागतो आणि रांग मोठी असते. तेव्हा चौकशी नववीच्या सुरुवातीलाच करा. दहावीचा फॉर्म भरायची वेळ आली की उशीर झालेला असतो.